गोजराबाईचा सुजलेला पाय आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी काशाची वाटी आहे. पण माझ्यात आजवर कुणी जेवलं नाही. वरण नाही, कढी नाही, सणासुदीची खीरसुद्धा नाही. माझा संबंध फक्त पायांशी. लगेच नाक मुरडू नका. ताटातल्या वाट्यांना माणसाचं तोंड तेवढं ठाऊक, आणि तोंड काय, वाटेल ते बोलतं. कोण दिवसभर राबलं, कोण नुसतं बांधावर बसून राहिलं, कोण अनवाणी बाजाराला जाऊन आलं, हे मला तळव्यावर एक फेरा मारला की कळतं. पायाला बनवाबनवी जमत नाही.

माझा जन्म ओताऱ्याच्या भट्टीतला. त्यानं तांबं आणि कथील एकत्र वितळवलं, साच्यात ओतलं, आणि मी गार झाल्यावर मला घासून घासून असं गुळगुळीत केलं की माशी बसली तर घसरावी. मग त्यानं मला नखानं वाजवलं. माझ्यातून जो नाद निघाला तो ऐकून तो स्वतःवरच खूश झाला. पुढं एका कासारानं मला वाशीमच्या बाजारात मांडलं, आणि तिथून एका माळ्यानं मला मुलीच्या लग्नात द्यायला उचललं. मुलीचं नाव तुळसा. तिच्याबरोबर बैलगाडीत बसून मी मंगरूळपीरला आले, गावाबाहेरच्या तिच्या सासरच्या मळ्यात. विहीर, मोट, पाट, वांग्याचे आणि मेथीचे वाफे, कडेला केळी, आणि त्यात मातीचं घर. घरात चुलीजवळच्या भिंतीत एक देवळी होती. ती माझी जागा.

माझं काम साधं. तळव्याला तेल लावायचं, घरचं तूप असलं तर तूप, आणि माझं बूड तळव्यावर गोल गोल फिरवायचं. फिरवता फिरवता तेल काळं पडतं. ते पाहिलं की लोक खूश होऊन म्हणायचे, आतली उष्णता निघाली. उष्णता निघायची की तो माझ्या काशाचाच गुण होता, देव जाणे. मी कधी नाही म्हटलं नाही. कौतुक कुणाला नको असतं?

तुळसाबाईचा नवरा लवकर गेला. तिनं एकटीनं मळा सांभाळला आणि चंपत नावाच्या मुलाला मोठं केलं. बाईची जीभ मिरचीसारखी आणि हात लोण्यासारखा. बाजाराहून दमून आलेली माळीण असो, दर्ग्याला निघालेला फकीर असो, कुणी ओट्यावर टेकलं की तुळसाबाई मला देवळीतून काढायची आणि त्यांना शिव्या घालत घालत पाय घासून द्यायची. "पाय हायेत का नांगराचे फाय?" असं म्हणायची (आमच्याकडं ळचा य होतो, फाय म्हणजे फाळ), आणि अंगठ्याजवळच्या भेगेवर हळूच जास्त तेल सोडायची. लोकांना शिव्याही आवडायच्या आणि तेलही.

चंपतचं लग्न झालं. सून आली, गोजरा. पहिल्या संध्याकाळी ती बिचारी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. सासूनं तिचे पाय ओढून मांडीवर घेतले आणि मला फिरवायला लागली. गोजराचं तोंड असं झालं की काय सांगू. शेजारच्या मळ्यातल्या रामीबाईनं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या माळी आळीत झालं, तुळसाबाईच्या घरात सासू सुनेचे पाय घासते म्हणून. तुळसाबाईच्या कानावर ते आलं. ती म्हणाली, "वाटीले काय कयते, सासू कोन अन् सून कोन? दमलेले पाय सारकेच." त्या दिवसापासून गोजरा त्या घरात मोकळेपणानं हसायला लागली. दोघींचं इतकं गूळपीठ जमलं की चंपतला कधी कधी आपणच पाहुणे आहोत असं वाटायचं.

मग ते मानमोडीचं साल आलं. तुमच्या आजोबांना विचारा, नाव काढलं तरी ते गप्प होतील. दसऱ्याच्या सुमारास तो ताप गावात शिरला. आधी सर्दी, मग डोकं फुटेल असं दुखणं, मान वर धरवेना, खोकून खोकून छाती भरून यायची. घराघरात माणसं आडवी झाली. काही घरांत पाणी द्यायलाही कुणी उभं राहिलं नाही. पुष्कळ लोक गेले, मित्रांनो. ते सगळं मी सांगत बसत नाही, कारण माझी गोष्ट जीव वाचलेल्या माणसाची आहे.

गोजरालाही ताप आला. तुळसाबाईनं पीरबाबाच्या दर्ग्याला शिरनीचा, गोड प्रसादाचा, नवस बोलला, कोरड्या ओठांवर पाण्याची बोटं फिरवली, रात्रंदिवस तिच्याजवळ बसली. एके दिवशी ताप उतरला. गोजरानं डोळे उघडले आणि विचारलं, "आत्याबाई, सांबाराची चटणी हाये काय?" सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. तुळसाबाई धावतच वाफ्यात गेली आणि एका चटणीसाठी अर्धा वाफा उपटून आली. जीव भांड्यात पडणं म्हणतात ना, ते मी भांडं असून त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

थोडे दिवस सुखात गेले. गोजरा अजून बाजेवरच होती, पण बोलत होती, खात होती. आणि मग एका सकाळी ती कण्हायला लागली. तिची डावी पोटरी दुखत होती. पाहता पाहता डावा पाय मांडीपर्यंत सुजला. कातडी ताणून पांढुरकी, चकचकीत झाली. उजवा पाय मात्र होता तसाच.

चंपत तेव्हा भाजीची गाडी घेऊन बाजारात गेला होता. तुळसाबाईला यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. पाय दुखतो म्हणजे वाटी, हे तिच्या घरचं शास्त्र. तिनं पळीत तेल तापवायला ठेवलं, मला देवळीतून काढलं, पदरानं पुसलं. मीही तयारच होते. तापातून उठलेल्या माणसाचे पाय घासून त्याला पुन्हा चालता करायचं, याच्यासारखं मानाचं काम दुसरं नाही.

इतक्यात विहिरीजवळ घोडी खिंकाळली. तालुक्याच्या दवाखान्यातले जानराव डॉक्टर किन्हीराजा गावाकडून परत येत होते आणि घोडीला पाणी दाखवायला थांबले होते. ते इकडचेच, शेतकऱ्याच्या घरचे, नागपूरला शिकून आलेले. साथ सुरू झाल्यापासून गावोगाव फिरत होते. तेलाचा वास आला तसे दारातून डोकावले.

"काय चाललं माय?"

"सुनेचा पाय सुजला साहेब. वाटी फिरवून देऊन राह्यली."

डॉक्टर आत आले. त्यांनी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले, पोटरीला अगदी हलका हात लावला, ताप कधी उतरला ते विचारलं. मग तुळसाबाईला खुणेनं बाहेर ओट्यावर बोलावलं. ती बाहेर गेली तेव्हा मी तिच्या हातातच होते, म्हणून सगळं माझ्या कानावर पडलं.

"ते वाटी ठेवून द्या माय," डॉक्टर म्हणाले. "हा ताप छातीत बसते, पन अंगातलं रक्तही बिघडवते. मानूस बरं होऊन राह्यलं असं वाटते, अन् पायाच्या शिरेत रक्त थिजते. विरजन लागल्यावानी गुठळी धरते. तिनंच पाय सुजला. आता तुमी घासलं, दाबलं, तं ते गुठळी सुटते अन् रक्तासंगं वर छातीत जाऊन अडकते. मंग दम कोंडते. किन्हीराजाले एकाचा पाय त्याच्या भावांनी असाच मायेनं रगडला. तो उठून बसला, छाती धरली, अन् गेला."

तुळसाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पण ती हार मानणारी बाई नव्हे. "माह्या वाटीनं आजवर कोनाचं वाईट नाई झालं," ती म्हणाली.

"वाटी वाईट नाईच. हा पाय येगया हाय."

"मंग औषध द्या."

"गुठळीवर माह्यापाशी औषध नाई माय. निजून राहनं हेच औषध. पाय उंचावर ठेवा. हलवू नका, चोयू नका, दाबू नका. सूज उतरली का रक्त आपली वाट काढते." एवढं सांगून, पुन्हा येतो म्हणून ते घोडीवर बसले. बसताना त्यांना दोनदा रिकीब चुकली, इतके ते थकले होते.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, मित्रांनो. वाटीला नाक नसतं म्हणता? त्या दिवशी होतं. जिनं अख्ख्या गावाचे पाय हलके केले तिला म्हणे ठेवून द्या. तुळसाबाईनं मला देवळीत ठेवलं, पण तिचं मन मानत नव्हतं हे मला तिच्या बोटांवरून कळलं. पळीतलं तेल तिनं ओतून टाकलं नाही, चुलीच्या कडेला तसंच ठेवलं. मग मेथी वाळत चालली म्हणून ती पाणी फिरवायला मळ्यात गेली. गोजराला एवढंच सांगून गेली की डॉक्टर घासू नको म्हणतात. का नको, ते सांगायचा तिला धीर झाला नाही.

ती गेली आणि बाजारातून चंपत आला. दारातच त्याला कण्हणं ऐकू आलं. बायकोचा पाय पाहून तो खांबासारखा उभा राहिला.

"माय कुठी गेली?"

"पान्याले." गोजराच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "लय ठनकून राह्यला."

आता चंपतनं जे केलं ते आमच्या मुलखात कुणी नवऱ्यानं केलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यानं चोरासारखं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, दार लोटून घेतलं आणि मला देवळीतून काढलं. पळीतलं कोमट तेल बोटांना लावलं आणि बाजेच्या पायथ्याशी बसला. मी खरं सांगते, मला बरं वाटलं. कुणाला तरी माझी आठवण झाली.

गोजराचे डोळे एवढे मोठे झाले. "हे काय करता तुमी?"

"घासून देतो. माय येईस्तोवर."

"तुमी? माह्या पायाले?" तिनं उजव्या पायानं गोधडी ओढून घेतली आणि डावा पाय झाकला. "नवऱ्यानं बायकोच्या पायाले हात लावाचा? मले कोन्या नरकात पाठोता?"

"कोनी नाई पाहून राह्यलं वं."

"देव पाह्यते ना."

"देवाले मी सांगीन, बायको माहीच हाये म्हून."

"डाक्टर नोको म्हनून गेले."

"डाक्टरले दुखते काय तुह्यावानी?"

तिला घासून हवं होतं, मित्रांनो. पाय असा ठणकत होता की तिनं दगडालाही म्हटलं असतं, फिर बाबा माझ्या पोटरीवर. सासूनं घासलं असतं तर तिनं आनंदानं पाय पुढं केला असता. पण नवऱ्याचा हात आपल्या पायाला लागणार या लाजेनं तिचं दुखणंसुद्धा मागं पडलं. तिनं गोधडी दोन्ही मुठींत घट्ट धरली. चंपत गोधडीचं टोक सोडवू पाहत होता, ती धरून ठेवत होती. तो म्हणत होता, "एकच फेरा." ती म्हणत होती, "मेली तरी नाई."

आणि तिकडं मळ्यात काय झालं ते ऐका. हे तुळसाबाईनं पुढं ज्याला त्याला इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं. मेथीच्या वाफ्याला पाणी पोचत नव्हतं. पाट मध्येच तुंबला होता, गवत आणि चिखलाचा गोळा अडकून पाणी अलीकडं फुगलं होतं. तुळसाबाई दुसऱ्याच विचारात होती. तिनं कुदळीच्या दांड्यानं गोळ्याला ढोसलं. गोळा सुटला, पाण्याबरोबर भर्रकन पुढं गेला आणि बांधाखालच्या अरुंद मोरीत जाऊन गच्च बसला. आता तर पुढं थेंबही जाईना. सगळी मेथी त्या मोरीच्या पाण्यावर जगणारी. एरवी तिनं गोळ्याला दोन शिव्या दिल्या असत्या. त्या दिवशी ती पाटाकडं पाहत राहिली, आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिला आता कळलं. चुलीच्या कडेचं तेल तिला आठवलं. कुदळ तिथंच टाकून ती घराकडं पळत सुटली.

तिनं दार ढकललं तेव्हा मी चंपतच्या हातात होते आणि गोधडीचं टोक सुटत आलं होतं. तुळसाबाई गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेली. तिनं आवाज चढवला नाही.

"चंपत, वाटी खाली ठेव."

त्यानं मला जमिनीवर ठेवलं.

"पाटातला गठ्ठा म्या आत्ता ढोसला. तो सुटून मोरीत जाऊन बसला. मेथीचं पानी बंद झालं. हिच्या पायात तसाच गठ्ठा हाय, रक्ताचा. तुमी ढोसला तं तो छातीत जाते, अन् माही सून जाते. डाक्टरनं सांगतलं अन् म्या कानाआड करून राह्यली होती."

चंपत बसल्या जागीच तेलाचे हात स्वतःच्या धोतराला पुसत राहिला, पुसत राहिला. गोजरानंही हे पहिल्यांदाच ऐकलं. गोधडी अजून तिच्या मुठीतच होती.

"म्हंजे मी लाजली ते बरंच झालं म्हनाचं," ती म्हणाली.

आधी तुळसाबाई हसली. मग चंपत हसला. हसता हसता तिघंही रडायला लागली, आणि मी खाली जमिनीवर पडून ते पाहत होते. माझा रुसवा तिथंच संपला. दोन बोटांचं अंतर राहिलं होतं, मित्रांनो. तेवढं ओलांडून मी त्या पायाला लागले असते तर आज हे सांगायला मी तोंड वर काढलं नसतं.

मग सुरू झाला गोजराचा निजून राहण्याचा काळ. चंपतनं नव्या कापसानं पोतं भरलं आणि त्यावर तिचा पाय अलगद ठेवला. गोधडीवरूनच हं, हात न लावता. तुळसाबाईनं दाराजवळ बसकण मारली आणि डोळ्यांत तेल घालून राखण करायला लागली. राखण कुणापासून? मायेच्या माणसांपासून. आळीतली एकेक बाई तेल घेऊन यायची. कुणाचं एरंडाचं, कुणाचं मोहाचं, कुणाचं मंतरलेलं. सगळ्यांना गोजराचा पाय चोळून द्यायचा होता. रामीबाई तर स्वतःची वाटी घेऊन आली. ती मनानं मोठी, पण हट्टी. ऐकेचना.

"मी हल्क्या हातानं करीन वं तुयसा."

"किती हल्क्या? पाहू दे मले." तुळसाबाईनं आपले पाय पसरले. "आधी माहे घास. हल्का हात वाटला तं आत सोडीन."

रामीबाईनं घासले. तुळसाबाई म्हणाली, अजून हलका. रामीबाईनं पुन्हा घासले. दुपार कलेपर्यंत तुळसाबाईचे पाय आरशासारखे झाले आणि रामीबाई कंबर धरून घरी गेली. पुढं जी कोणी तेल घेऊन यायची तिच्यावर हाच प्रयोग व्हायचा. बाजेवरून गोजरा हे पाहायची आणि पाय न हलवता हसायची, आणि न हलता हसणं किती कठीण असतं ते करून पाहा.

घरातलं काम चंपतवर आलं. त्यानं भाकरी थापायला घेतली. पहिली भाकर तव्यावर पडली तेव्हा ती गोल नव्हती, चौकोनी नव्हती, तिला आकारच नव्हता. गोजरानं ती पाहिली आणि विचारलं, "हे कोन्या जनावराचं कातडं हाय?" पण खाल्ली. सगळी खाल्ली.

मी मात्र देवळीत पडून. माझ्यावर धूळ बसली, माझा रंग मातकट झाला. एक कोळी माझ्या काठापासून भिंतीपर्यंत जाळं विणून निवांत राहायला लागला. आयुष्यात अशी हेळसांड माझ्या वाट्याला आली नव्हती. पण रोज सकाळी डोळे उघडले की गोजरा आधी देवळीकडं पाहायची आणि मी तिथंच आहे हे पाहून पुन्हा पडून राहायची. तेवढ्यावर मी समाधानी होते. काही न करताही आपण कुणाच्या कामी येतो, हे मला त्या दिवसांत कळलं.

डॉक्टर मधूनमधून यायचे. एकदा तुळसाबाईनं त्यांना गाठलं. "साहेब, उजव्या पायाले तरी फिरवू काय? तो तं बरा हाय."

"नोको माय. पायाचं नावच नोको."

"मंग हाताले?"

डॉक्टर हसले. त्या साथीत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "हाताले काय कराचं ते करा."

तुळसाबाईनं कोळ्याला हुसकून लावलं, मला राखेनं घासलं, आणि गोजराच्या तळहातावर ठेवलं. तळहात! मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पाय सरळ असतात, हातांना किती रेषा, किती उंचवटे. वांग्याच्या काट्यांचे जुने ओरखडे, विळ्याची एक खूण, नखांत शिरलेला मेथीचा हिरवा रंग. मी आधी बावरले, मग जमलं. सासू मला फिरवत होती आणि सून डोळे मिटून पडली होती. तुळसाबाईचा जीव इतके दिवस नुसत्या राखणीनं कोंडला होता. माया करायची तर तिला हातात काहीतरी लागायचं. त्या दिवशी तिनं एवढा वेळ हात घासले की शेवटी गोजराच म्हणाली, "आत्याबाई, रेषा पुसून जातीन."

हळूहळू सूज उतरली. कातडीचा ताण गेला, ठणका गेला. दोन्ही पाय पुन्हा सारखे दिसायला लागले. डॉक्टरांनी आधी बसायला सांगितलं. मग तुरीच्या शेंगा भरल्या त्या सुमारास एका दुपारी ते आले, पाय नीट पाहिला आणि म्हणाले, "आता उभी राहा पोरी. हळू."

गोजरा बाजेची कड धरून उभी राहिली. एका बाजूला चंपत, एका बाजूला तुळसाबाई, दोघांचेही हात पुढं, पण धरलं कुणी नाही. तिनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे पाय लटपटत होते, पण छाती नीट चालत होती, दम नीट होता. तुळसाबाईनं बोटं मोडून तिची दृष्ट काढली आणि मग तिचं लक्ष डॉक्टरांकडं गेलं.

साथ ओसरली होती. एवढे महिने घोडीवर, बांधांवरून, नाल्यांतून फिरलेला तो माणूस खांबाला टेकून उभा होता आणि उभ्या उभ्याच पेंगत होता.

"बसा," तुळसाबाई म्हणाली. "बूट काढा."

"नोको माय. मी डाक्टर हाव."

"डाक्टरले पाय नसते काय?"

तिच्यापुढं कुणाचं चाललंय? डॉक्टर बसले. तिनं त्यांचे बूट ओढून काढले, मला हातात घेतलं, पण लगेच तेल लावलं नाही. आधी त्यांचे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नडगीवर हलकं बोट दाबून पाहिलं.

"ताप येऊन गेला काय तुमाले?"

"नाई."

"एकच पाय दुखते का दोनी?"

डॉक्टर शाळेतल्या पोरासारखे सरळ बसून उत्तर देत होते. "दोनी, माय. लय दुखते."

"सूज? छातीत कुठी?"

"काईच नाई."

"मंग हरकत नाई," तुळसाबाई म्हणाली, आणि मला तेलात बुडवलं.

मित्रांनो, तसे पाय मी आयुष्यात पाहिले नाहीत. तळव्यांना जागोजाग घट्टे, रिकिबीनं पडलेले वळ, टाचेला बुटानं पडलेली जखम. मी पहिला फेरा मारला आणि डॉक्टरांचे खांदे खाली आले. दुसऱ्या पायावर गेले तेव्हा मान छातीवर आली होती. घोडीनं शेपटी झटकून आवाज केला तर चंपतनं तिच्यापुढं कडबा टाकून तिला गप्प केलं. रामीबाई काही बोलत दारात आली, तिला तुळसाबाईनं नुसत्या डोळ्यांनी परत पाठवलं. तेल काळं झालं तरी तुळसाबाई थांबली नाही. मग भिंतीजवळून पावलांचा आवाज आला. गोजरा बाजेपर्यंत गेली, आपली गोधडी उचलली, आणि एकेक पाऊल टाकत सगळी खोली ओलांडून आली. तिनं ती गोधडी डॉक्टरांच्या अंगावर घातली. आजारातून उठल्यावर स्वतःच्या पायांनी तिनं केलेलं हे पहिलं काम.

पुढं तुळसाबाई होती तोवर तिनं पाहिल्याशिवाय, विचारल्याशिवाय मला कुणाच्या पायाला लावलं नाही. तिच्यानंतर गोजराबाईही तसंच करते. तुम्हीही करा. दुखणारा पाय पाहून तुमचा हात पुढं जातो, ते चांगलंच आहे. तो जाऊ द्या. फक्त पोचायच्या आधी थोडा थांबवा. एकच पाय सुजलाय का, नुकताच ताप येऊन गेलाय का, छातीत दुखतंय का, हे विचारा, आणि तसं असलं तर मला देवळीत राहू द्या आणि डॉक्टरांकडं धावा. मी रुसणार नाही. नुसते दमलेले पाय असले तर मग मात्र मला विसरू नका, माझा जन्म त्यासाठीच आहे.

आता दिवस कलला. देवळीतून मला मळा दिसतो. गोजराबाईचे केस पांढरे झालेत, नातवंडं पाटात होड्या सोडताहेत, आणि ती त्यांना ओरडत मेथीच्या वाफ्यात पाणी फिरवते आहे. दोन्ही पाय घोट्यापर्यंत चिखलात. थोड्या वेळानं ती ते धुऊन घरात येईल, आणि तिचा म्हातारा चंपत दार न लोटता मला खाली काढेल.